फ्लटरमध्ये नेहमी अडणाऱ्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लटर या साधनाने अँड्रॉइड, आयओएस, वेब आणि विंडोज यांसाठी एकाच कोडमधून ॲप बांधणाऱ्यांसाठी हे पान आहे. फ्लटरची भाषा डार्ट; तिची तिसरी किंवा त्यापुढची आवृत्ती धरली आहे, म्हणजे नल सेफ्टी (रिकाम्या, म्हणजे नल किमतींची आधीच होणारी तपासणी) सक्तीची. कमांड, क्लास आणि एरर यांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

एरर आली की दोनशे ओळी येतात. वाचायला सुरुवात कुठून करायची?

आधी ती कुठल्या थरातली आहे ते ओळखा. डार्टची असेल तर ॲप चालू असतं आणि स्टॅक ट्रेसमध्ये (कुठून कुठे कॉल गेले त्या यादीत) तुमच्या पॅकेजचं नाव दिसतं. त्यातली तुमच्या फाइलची सगळ्यात वरची ओळ शोधा, बहुतेकदा चूक तिथेच किंवा एखादी पायरी अलीकडे असते. फ्लटर पहिलं एक्सेप्शन सविस्तर छापतं आणि पुढची ‘अनदर एक्सेप्शन वॉज थ्रोन’ म्हणून एका ओळीत गुंडाळतं. त्यामुळे कन्सोल वर सरकवून पहिल्यापर्यंत जा. नंतरची बरीचशी पहिल्याचीच पिल्लं असतात.

बिल्डच तुटत असेल तर प्रश्न ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) किंवा एक्सकोडचा (आयओएसचं) आहे. ग्रेडलमध्ये ‘व्हॉट वेंट राँग’ या शब्दांखालच्या दोन-तीन ओळी वाचा. शेवटची ‘असेंबलडीबग फेल्ड विथ एक्झिट कोड १’ ही ओळ काहीच सांगत नाही, आणि लोक नेमकी तीच कॉपी करून शोधत बसतात. कारण तरीही कळलं नाही, तर फ्लटर रनला व्हर्बोज पर्याय जोडून पुन्हा चालवा.

काहीही बिघडलं की ‘फ्लटर क्लीन’ करावं का?

नाही. ती कमांड प्रोजेक्टमधला बिल्ड फोल्डर आणि डार्ट-टूल फोल्डर पुसते. होम फोल्डरमधली ग्रेडलची कॅश आणि पबची (डार्टच्या पॅकेज-साठ्याची) कॅश तशीच राहते. त्यामुळे प्लगइन (नेटिव्ह, म्हणजे त्या-त्या प्लॅटफॉर्मचा स्वतःचा कोड असलेलं पॅकेज) काढलं-घातलं, फ्लटरची आवृत्ती बदलली किंवा बिल्डचे जुने अवशेष अडकले, तर तिचा उपयोग होतो. लेआउटची, जेसनची (सर्व्हरकडून येणाऱ्या डेटाची) किंवा ग्रेडल-जावा न जुळण्याची एरर तिने जात नाही. फक्त पुढचा बिल्ड पाच-दहा मिनिटं खातो.

‘वेटिंग फॉर अनदर फ्लटर कमांड टू रिलीज द स्टार्टअप लॉक’ म्हणून टर्मिनल अडकतं.

एडिटरने मागे फ्लटरची दुसरी कमांड सुरू केलेली असते, किंवा आधीची अर्धवट मेलेली असते. मिनिटभर थांबा. नाहीच सुटलं तर चालू असलेल्या डार्ट प्रोसेस बंद करा आणि फ्लटरच्या बिन फोल्डरमधल्या कॅशमधली लॉकफाइल पुसा.

स्क्रीनच्या कडेला पिवळे-काळे पट्टे येतात.

हा ‘रेंडरफ्लेक्स ओव्हरफ्लोड’. रो (आडवी रांग) किंवा कॉलम (उभी रांग) यांमधल्या मुलांची, म्हणजे आतल्या विजेटांची, एकूण लांबी उपलब्ध जागेपेक्षा जास्त झाली आहे. फ्लटरचा नियम असा: पालक मर्यादा देतो, मूल त्या मर्यादेत आपलं माप ठरवतं, आणि जागा कुठे ते पालक ठरवतो. गोम अशी की रो आपल्या साध्या मुलांना आडव्या दिशेने मर्यादाच देत नाही. त्यामुळे रोमधलं लांबलचक टेक्स्ट दुसऱ्या ओळीवर न जाता सरळ स्क्रीनबाहेर पळतं.

उपाय कारणानुसार वेगळा. टेक्स्ट लांब असेल तर त्याला एक्सपांडेडमध्ये गुंडाळा. आता त्याला रुंदी मिळेल आणि ते ओळ मोडेल. बटणांची किंवा चिप्सची रांग असेल तर रोऐवजी रॅप वापरा. कीबोर्ड उघडल्यावरच खाली पट्टे येत असतील तर फॉर्म सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यूमध्ये ठेवा. स्कॅफोल्डचं ‘रिसाइझ टू अव्हॉइड बॉटम इनसेट’ फॉल्स केल्यानेही पट्टे जातात, पण मग खालचं टेक्स्टफील्ड कीबोर्डखाली गडप होतं.

रिलीज बिल्डमध्ये पट्टे दिसत नाहीत, मजकूर मात्र तसाच कापला जातो. वापरणाऱ्याच्या फोनवर अक्षरांचा आकार मोठा केलेला असू शकतो, म्हणून सिस्टिम सेटिंगमध्ये फॉन्ट सर्वात मोठा करून प्रत्येक स्क्रीन एकदा पाहा.

कॉलममध्ये लिस्टव्ह्यू टाकला की ‘व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट’ येतं.

वरच्याच नियमाची दुसरी बाजू. कॉलम म्हणतो, हवी तितकी उंची घे. लिस्टव्ह्यू म्हणतो, द्याल तितकी घेईन. दोघांपैकी कुणीच आकडा सांगत नाही. लिस्टव्ह्यूला एक्सपांडेडमध्ये ठेवा, प्रश्न मिटला.

सगळीकडे सुचवलं जाणारं ‘श्रिंकरॅप ट्रू’ एररही घालवतं, पण मग यादी स्वतःची उंची मोजण्यासाठी सगळ्या ओळी एकदम बांधते. दहा ओळींना चालेल, हजार ओळींना स्क्रीन गोठेल. वरचा मजकूर आणि यादी एकत्रच सरकायला हवी असेल तर कस्टमस्क्रोलव्ह्यू आणि स्लिव्हर (त्यात बसणारे सरकते तुकडे) हा सरळ मार्ग.

उलटी चूकही होते: सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यूमधल्या कॉलममध्ये एक्सपांडेड. तिथे उंची अमर्याद असते, आणि उरलेली जागा अमर्यादातून काढता येत नाही. एक्सपांडेड काढा किंवा ठरावीक उंचीचा साइझ्डबॉक्स द्या.

‘इनकरेक्ट यूज ऑफ पॅरेंटडेटाविजेट’?

एक्सपांडेड आणि फ्लेक्सिबल यांच्या वर थेट रो, कॉलम किंवा फ्लेक्स हवा. मध्ये पॅडिंग, कंटेनर किंवा सेंटर आला की ही एरर येते. पॅडिंग एक्सपांडेडच्या आत न्या. पोझिशन्ड आणि स्टॅक यांचंही तसंच. डीबगमध्ये ही एरर कन्सोलमध्ये लाल अक्षरांत येते आणि स्क्रीन ठीक दिसते, म्हणून लोक सोडून देतात. रिलीजमध्ये त्याच जागी राखाडी चौकोन दिसतो तेव्हा तिची आठवण होते.

‘सेटस्टेट कॉल्ड आफ्टर डिस्पोज’ अधूनमधून येतं, दर वेळी नाही.

सर्व्हरचं उत्तर यायच्या आत वापरणारा मागे गेला की येतं. ऑफिसच्या वायफायवर ते दिसणार नाही. नेटवर्क मंद करून पाहा. प्रत्येक अवेटनंतर, सेटस्टेटच्या आधी ‘माउंटेड’ (विजेट अजून स्क्रीनवर आहे का) तपासा आणि नसेल तर रिटर्न करा. स्टेटच्या बाहेर, एखाद्या फंक्शनमध्ये कॉन्टेक्स्ट वापरत असाल तर कॉन्टेक्स्ट डॉट माउंटेड; ते फ्लटर ३.७ पासून आहे. टायमर, स्ट्रीम सबस्क्रिप्शन आणि ॲनिमेशन कंट्रोलर मात्र डिस्पोजमध्येच बंद करायचे. माउंटेड तपासून त्यांची गळती थांबत नाही, फक्त एरर गप्प होते.

‘सेटस्टेट कॉल्ड ड्युरिंग बिल्ड’ ही वेगळी एरर. बहुधा ऑनप्रेस्डला फंक्शन देण्याऐवजी ते तिथेच कंस लावून चालवलेलं असतं.

स्क्रीन जरा हलली की सर्व्हरला तीच विनंती पुन्हा जाते.

फ्युचरबिल्डरच्या ‘फ्युचर’मध्ये (नंतर येणाऱ्या उत्तराच्या जागी) थेट फंक्शन कॉल लिहिला आहे. बिल्ड कितीही वेळा चालू शकतो: कीबोर्ड उघडला, फोन आडवा केला, थीम बदलली. दर वेळी नवा फ्युचर तयार होतो आणि मधलं चक्र पुन्हा फिरू लागतं. इनिटस्टेटमध्ये फ्युचर एकदाच तयार करून लेट फायनल व्हेरिएबलमध्ये ठेवा. ‘पुन्हा लोड करा’ बटण हवं असेल तर फायनल काढा आणि सेटस्टेटमध्ये नवा फ्युचर द्या.

हॉट रीलोड केलं तरी बदल दिसत नाही.

हॉट रीलोड नवा कोड आत घालून बिल्ड पुन्हा चालवतं. मेन आणि इनिटस्टेट पुन्हा चालत नाहीत. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमतीही जुन्याच राहतात. अशा वेळी हॉट रीस्टार्ट. मॅनिफेस्ट, इन्फो-पीलिस्ट (अँड्रॉइड-आयओएसच्या सेटिंग फाइली), कोटलिन किंवा स्विफ्टमध्ये (त्यांच्या भाषा) हात घातला असेल, वा नवं प्लगइन घेतलं असेल, तर ॲप पूर्ण थांबवून पुन्हा रन करावं लागतं.

प्लगइन टाकलं आणि ‘मिसिंगप्लगइनएक्सेप्शन’ आलं.

दहापैकी नऊ वेळा वरचंच कारण: डार्टचा भाग आला, नेटिव्ह भाग बिल्डमध्ये गेलाच नाही. थांबवा, पुन्हा रन करा. तरी राहिलं तर ते प्लगइन त्या प्लॅटफॉर्मला आधार देतं का ते त्याच्या पब पानावर पाहा. अँड्रॉइडपुरतं लिहिलेलं प्लगइन विंडोजवर हेच एक्सेप्शन देईल. आणि फक्त रिलीजमध्येच येत असेल तर आर८ ने (रिलीजचा कोड लहान करणाऱ्या साधनाने) न वापरलेला समजून क्लास छाटला असण्याची शक्यता आहे. प्लगइनच्या सूचनांमधले प्रोगार्ड नियम (काय छाटू नये ते सांगणारे) जोडा.

‘टाइप इंट इज नॉट अ सबटाइप ऑफ टाइप डबल’. काल चालत होतं!

काल किंमत ४९.५ होती, आज ५० आहे. जेसनमध्ये दशांश नसलेला आकडा डार्टला इंट म्हणून मिळतो. जेसनमधला कोणताही आकडा आधी ‘नम’ म्हणून घ्या आणि मग टूडबल करा. याच घराण्यातली दुसरी एरर ‘लिस्ट ऑफ डायनॅमिक’ आणि ‘लिस्ट ऑफ स्ट्रिंग’ यांची. तिथे ‘ॲज’ चालत नाही, लिस्ट डॉट फ्रॉम वापरून नवी यादी करावी लागते. ‘नल चेक ऑपरेटर यूज्ड ऑन अ नल व्हॅल्यू’ असेल तर घाईत लावलेलं उद्गारचिन्ह शोधा.

डीबगमध्ये सगळं चालतं, रिलीज एपीकेमध्ये इंटरनेटच लागत नाही.

नव्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये असते, कारण हॉट रीलोडला ती लागते. मेन फोल्डरमधल्या अँड्रॉइडमॅनिफेस्टमध्ये ती स्वतः लिहावी लागते. ॲप्लिकेशन टॅगच्या आत नाही, वर.

ती असूनही चालत नसेल तर पत्ता पाहा. वेबव्ह्यू किंवा नेटिव्ह प्लगइनमधून जाणारं साधं एचटीटीपी अँड्रॉइड ९ पासून मुळातच बंद आहे, आयओएसवरही एटीएस (ॲपलचा सुरक्षित जोडणीचा नियम) ते अडवतं. सर्व्हरला एचटीटीपीएस लावा. ॲपमध्ये अपवाद टाकत बसणं फक्त चाचणीपुरतं ठीक.

लॅपटॉपवरचा सर्व्हर एम्युलेटरमधून सापडत नाही.

एम्युलेटरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. अँड्रॉइड एम्युलेटरमधून यजमान संगणक १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतो. आयओएस सिम्युलेटरला लोकलहोस्ट चालतं. खरा अँड्रॉइड फोन केबलने जोडला असेल तर ‘एडीबी रिव्हर्स’ कमांडने पोर्ट वळवा, मग फोनवरही लोकलहोस्ट चालेल. वायफायवरून जोडायचं तर सर्व्हर ०.०.०.० वर ऐकत असायला हवा आणि फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडं हवं.

तीच विनंती फोनवर चालते, क्रोममध्ये ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट एरर’ येते.

कारण सीओआरएस हा ब्राउझरचा सुरक्षा-नियम. ब्राउझर दुसऱ्या डोमेनचं उत्तर सर्व्हरच्या परवानगीशिवाय पानाला देत नाही. फ्लटरमध्ये याला उपाय नाही; सर्व्हरने योग्य हेडर पाठवायला हवेत. क्रोमची सुरक्षा बंद करून चालवण्याची युक्ती तुमच्या मशीनपुरती आहे, वापरणाऱ्यांच्या ब्राउझरवर तिचा काही उपयोग नाही.

‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’.

६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७. तुमचं ग्रेडल त्या जावापेक्षा जुनं आहे. जावा २१ वर चालायला ग्रेडल ८.५ किंवा पुढचं लागतं, जावा १७ ला ७.३. प्रोजेक्टला हातही न लावता ही एरर अचानक येते, कारण फ्लटर आधी अँड्रॉइड स्टुडिओसोबत आलेला जावा वापरतं, आणि स्टुडिओ अपडेट झाला की तोही बदलतो. जावा-होम बदलून फरक पडत नाही तो यामुळेच.

असं करा. ‘फ्लटर डॉक्टर’ व्हर्बोज चालवून नेमका कुठला जावा घेतला जातोय ते पाहा. ‘फ्लटर ॲनालाइझ’ सजेशन्स पर्यायासह चालवलं तर जावा, ग्रेडल आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन जुळतात का ते सांगतं. मग ग्रेडल-रॅपर-प्रॉपर्टीजमध्ये ग्रेडलची आवृत्ती वाढवा. जुना प्रोजेक्ट हलवायचाच नसेल तर ‘फ्लटर कॉन्फिग’ला जेडीके-डिर देऊन जावा १७ चा पत्ता पक्का करा, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ ला किमान १७ लागतोच.

प्लगइन ८ वर गेल्यावर ‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’ येतं ते तुमच्या कोडमुळे नाही. एखादं जुनं, बिनवाली पॅकेज अजून नेमस्पेस (आपल्या कोडचं वेगळं नाव) लिहीत नाही. एररमध्ये त्याचं नाव असतं. नवी आवृत्ती घ्या. नसेल तर पर्यायी पॅकेज शोधा, कारण पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कशावर तरी अडणारच आहे.

‘व्हर्जन सॉल्व्हिंग फेल्ड’.

संदेश लांब असला तरी मराठीत दोन वाक्यांत मावतो: ‘अ’ला ‘क’ची पहिली आवृत्ती हवी, ‘ब’ला दुसरी. ‘पब आउटडेटेड’ चालवून कोण मागे आहे ते पाहा आणि त्याला पुढे आणा. ^१.२.३ चा अर्थ १.२.३ पासून २.०.० च्या खालचं काहीही, पण ^०.३.१ ची मर्यादा ०.४.० लाच संपते; शून्याने सुरू होणाऱ्या पॅकेजांवर जास्त अडायला होतं ते म्हणून. डिपेंडन्सी-ओव्हरराइड्स (आवृत्ती जबरदस्तीने ठरवणं) ही तात्पुरती काठी. टाकली तर शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहा. पबस्पेक-लॉक (ठरलेल्या आवृत्त्यांची फाइल) ॲपच्या गिटमध्ये असू द्या, नाहीतर प्रत्येकाच्या मशीनवर वेगळ्या आवृत्त्या येतात.

‘अनेबल टू लोड ॲसेट’, पण फाइल तर आहे.

पबस्पेकमध्ये (पॅकेज आणि ॲसेट नोंदवायच्या फाइलमध्ये) फोल्डर दिला तर त्याच्या आतले उपफोल्डर येत नाहीत. प्रत्येक वेगळा लिहावा लागतो, शेवटी तिरकी रेघ देऊन. दोन स्पेसचं इंडेंट चुकलं तरी हेच. आणि फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर विंडोजवर खपतं, अँड्रॉइडवर नाही.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन किंवा चित्रविचित्र अक्षरं येतात.

दोन वेगळे आजार आहेत. चौकोन आले तर फॉन्ट नाही. फ्लटर वेब देवनागरीसाठी नोटो फॉन्ट गरज पडेल तेव्हा नेटवरून आणतं. तोवर चौकोन, आणि ऑफलाइन किंवा कंपनीच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये कायमचे चौकोन. नोटो सॅन्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट ॲपसोबतच द्या.

‘à¤®’सारखा कचरा आला तर डिकोडिंग चुकलं. सर्व्हरच्या हेडरमध्ये चारसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) नसेल तर एचटीटीपी पॅकेज मजकूर लॅटिन-१ धरून वाचू शकतं. रिस्पॉन्सची बॉडी न घेता बॉडीबाइट्स घ्या आणि यूटीएफ-८ ने स्वतः डिकोड करा.

शिरोरेषा तुटत असेल तर लेटरस्पेसिंग शून्य करा. मटेरियल ३ च्या काही शैलींत ते शून्य नसतं, त्यामुळे तुम्ही कुठेच लिहिलेलं नसलं तरी थीममधून येतं. वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला टेकत असतील तर टेक्स्टस्टाइलची हाइट १.४ ते १.५ ठेवून पाहा.

नावाच्या रकान्यात मराठी टाइपच होत नाही, किंवा मात्रा गायब होतात.

इनपुट फॉर्मॅटरमध्ये फक्त रोमन अक्षरांना मुभा आहे. डार्टच्या रेगएक्समधला ‘शब्दाचं अक्षर’ हा वर्गही रोमनपुरताच. युनिकोड पर्याय ट्रू करून ‘एल’ म्हणजे अक्षरांचा वर्ग घेतला की क, म, ल येतात, पण काना-मात्रा-वेलांटी-हलन्त हे ‘एम’ या वेगळ्या वर्गात आहेत. दोन्ही वर्ग द्या. शिवाय झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), म्हणजे युनिकोड २००डी, यालाही परवानगी द्या. काही कीबोर्ड ‘दर्‍या’मधला अर्धा र त्याच्यानेच लिहितात.

लांबी मोजतानाही सांभाळा. ‘किती’ या शब्दाची लेंग्थ ४ येते, कॅरेक्टर्स डॉट लेंग्थ २. सबस्ट्रिंगने कापलंत तर मात्रा अक्षरापासून सुटते, म्हणून कॅरेक्टर्स वापरा. टेक्स्टफील्डची मॅक्सलेंग्थ डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजते. डेटाबेसचा रकाना बाइट्समध्ये मर्यादित असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं हे धरून चाला.

मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावल्यावर सर्व्हर तारीख नाकारतो.

इंटल पॅकेज ‘मराठी’ लोकेलमध्ये आकडेही देवनागरी देतं. दाखवायला उत्तम: १२,३४,५६७ असा लाखाचा स्वल्पविरामही बरोबर पडतो. पण हीच स्ट्रिंग सर्व्हरला पाठवली किंवा इंट डॉट पार्सला दिली की फॉरमॅटएक्सेप्शन. पाठवायची तारीख टू-आयएसओ-८६०१-स्ट्रिंगने करा, लोकेल फक्त पडद्यापुरतं. ‘लोकेल डेटा हॅज नॉट बीन इनिशियलाइझ्ड’ आलं तर मेनमध्ये इनिशियलाइझ-डेट-फॉर्मॅटिंगला अवेट करा.

यादी स्क्रोल करताना धक्के बसतात.

डीबगमध्ये मोजू नका. तिथे कोड जेआयटीवर (चालतानाच भाषांतर होऊन) चालतो आणि तपासण्या चालू असतात. खऱ्या फोनवर प्रोफाइल मोडमध्ये पाहा. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात, १२० ला ८. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फोटो: ४००० × ३००० चा फोटो छोट्या गोलात दाखवला तरी मेमरीत ४८ एमबी घेतो. इमेजला कॅशविड्थ द्या. मोठं जेसन आयसोलेट डॉट रनमध्ये (मुख्य कामापासून वेगळ्या धाग्यात) उलगडा. वेबवर मात्र वेगळा आयसोलेट मिळत नाही.

आयफोनवर केबल काढल्यावर ॲप उघडत नाही.

आयओएस १४ पासून डीबग बिल्ड होम स्क्रीनवरून सुरू होत नाही, त्याला डीबगर जोडलेला लागतो. दाखवायला न्यायचं असेल तर प्रोफाइल किंवा रिलीज बिल्ड टाका. फुकटच्या ॲपल खात्याने साइन केलेलं ॲप ७ दिवसांनी बंद पडतं. कॅमेरा उघडताच ॲप मरत असेल तर इन्फो-पीलिस्टमध्ये कॅमेऱ्याच्या वापराचं कारण लिहिलेलं नाही. आणि एक्सकोडमध्ये नेहमी रनर-एक्ससीवर्कस्पेस उघडा. एक्ससीकोडप्रोज उघडलं तर पॉड्स (आयओएसची पॅकेजं) सापडत नाहीत.

प्ले स्टोअरवर टाकल्यावर गूगल लॉगिन तुटलं, एरर १०.

प्ले ॲप साइनिंगमध्ये गूगल तुमचं ॲप स्वतःच्या किल्लीने पुन्हा साइन करतं, म्हणून एसएचए-१ (किल्लीचा ठसा) बदलतो. प्ले कन्सोलमधल्या ॲप साइनिंग पानावरचा ठसा फायरबेसमध्ये जोडा. डीबगचा आणि अपलोड किल्लीचा ठसाही राहू द्या, तिन्ही लागतात.

विंडोजवर ‘पाथ कन्टेन्स नॉन-आस्की कॅरेक्टर्स’.

प्रोजेक्टच्या फोल्डरचं किंवा विंडोज खात्याचं नाव देवनागरीत आहे. तपासणी बंद करण्याची ग्रेडल सेटिंग आहे, पण पुढे एनडीके (अँड्रॉइडचं सी++ साधन) तिथेच अडू शकतं. प्रोजेक्ट थेट ड्राइव्हवर, रोमन नावाच्या आणि स्पेस नसलेल्या फोल्डरमध्ये हलवा. सिमलिंकची (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्याची) तक्रार आली तर विंडोजच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करा. विंडोज ॲप बांधायला व्हिज्युअल स्टुडिओ लागतो, सी++ डेस्कटॉपच्या वर्कलोडसह. नावात ‘कोड’ असलेला एडिटर त्याची जागा घेत नाही.